नथीला धार, गालाला नको

“ताई, फोटो सॉफ्ट वाटतायत. सगळ्यांना जरा शार्पन मारून पाठवा.” लग्नसराई सुरू झाली की हा निरोप मला कुणाकडून ना कुणाकडून येतच असतो. मी कोल्हापुरात लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग करते. फोटो काढणारे वेगळे, अल्बम छापणारी लॅब वेगळी, मधलं काम माझं: फोटो निवडायचे, रंग सारखे करायचे, चेहरे नीट करायचे, पानं लावायची आणि फाईल लॅबला द्यायची. या सगळ्यात शार्पनिंगच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो. शेवटी एक अ‍ॅक्शन (म्हणजे साठवून ठेवलेली कृतींची मालिका) चालवायची, अख्खं फोल्डर एका दमात करायचं आणि ड्राइव्ह परत द्यायचा, अशीच बहुतेकांची रीत आहे.

मला ही रीत पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा सविस्तर लिहायचं होतं. सगळ्या फोटोंना सारखं आणि एकाच फोटोत सगळीकडे सारखं, या दोन्हीला माझी हरकत आहे. नवरीच्या नथीला शार्पनिंग हवं असतं, त्याच फोटोतल्या तिच्या गालाला नको असतं. तोच फोटो अल्बमच्या पानावर जाणार असेल तर एक माप लागतं, मोबाईलवर जाणार असेल तर दुसरं. कुठे, किती आणि कशासाठी हे आधी ठरवायचं असतं. स्लायडर त्यानंतर.

शार्पनिंग नेमकं करतं काय, इथपासून सुरुवात करते. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते यातून येत नाही. फोटोत जिथे गडद आणि उजळ भाग एकमेकांना भिडतात तिथे सॉफ्टवेअर गडद बाजू आणखी थोडी गडद करतं आणि उजळ बाजू आणखी थोडी उजळ. रांगोळीत रंग भरून झाल्यावर पांढऱ्या रेघेने कड काढली की तेच फूल उठून दिसतं, तसं. आपल्या डोळ्यांचीही याला साथ असते. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये दाखवून दिलं होतं की उजळ आणि गडद भाग शेजारी आले की त्यांच्या सीमेवर डोळ्याला प्रत्यक्षात नसलेले उजळ-गडद पट्टे दिसतात. डोळा मुळातच कडा शोधत असतो, शार्पनिंग त्या कडा थोड्या वाढवून त्याच्यापुढे ठेवतं. बेताने केलं तर फोटो स्वच्छ वाटतो. जास्त झालं की नवरदेवाच्या फेट्याभोवती पांढरी किनार येते, केसांची बट न् बट सुटी आणि कडक दिसते आणि चेहऱ्यावर पावडर सुकल्यासारखं काहीतरी उमटतं.

हिशोब असा चालतो. सॉफ्टवेअर फोटोची एक धूसर प्रत बनवतं आणि मूळ फोटोतून ती वजा करतं. उरतात त्या कडा. त्या मूळ फोटोत परत मिसळायच्या. फोटोशॉपच्या अनशार्प मास्कमध्ये तीन स्लायडर आहेत ते याच हिशोबाचे: अमाउंट म्हणजे किती मिसळायचं, रेडियस म्हणजे कड किती रुंद धरायची, थ्रेशोल्ड म्हणजे शेजारच्या पिक्सेलमध्ये किती फरक असला तर त्याला कड म्हणायचं. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर आणि फिकी पॉझिटिव्ह बनवत, ती निगेटिव्हला बरोबर जुळवून लावत आणि त्या जोडीतून प्रिंट काढत. डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत याच पद्धतीने आकाशाच्या फोटोप्लेटमधले बारकावे बाहेर काढले. एकेका प्रिंटमागे एवढी खटपट असल्यावर ज्या फोटोला गरज असेल त्याच्याच वाट्याला ती येणार. आता एक क्लिक पुरते, म्हणून ती सरसकट सगळ्यांच्या वाट्याला येते.

तीन स्लायडरपैकी फोटो बिघडवतो तो बहुतेक वेळा रेडियस. अमाउंट जास्त झाली तर लगेच दिसतं आणि कमी करता येतं. रेडियस 1 च्या जागी 3 राहिला तर कडेच्या शेजारचा बराच भाग बदलतो, नाकाच्या बाजूची सावली दाट होते, चेहरा थोराड दिसायला लागतो, आणि काय चुकलंय हे पटकन सापडत नाही.

आता, चांगला कॅमेरा आणि महागडी लेन्स असताना शार्पनिंग लागतंच कशाला, असं नवी मुलं विचारतात. लागतं, कारण सेन्सरवरचा एक पिक्सेल एकच रंग बघतो. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये ज्या रचनेचं पेटंट घेतलं तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्या अंदाजात कडा थोड्या पसरतात. म्हणून रॉ फाईल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) उघडली की ती किंचित मऊ दिसते, आणि ते साहजिक आहे. जेपीईजीत, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होऊन आलेल्या फोटोत, मात्र कॅमेऱ्याने स्वतःच शार्पनिंग करून ठेवलेलं असतं. त्यावर आपण पुन्हा तेवढंच केलं की दुहेरी होतं. फोटोग्राफर फक्त जेपीईजी देणार असेल तर कॅमेऱ्यातलं शार्पनिंग कमीत कमी ठेवून शूट करायला मी आधीच सांगते.

सध्या हातात असलेलाच एक फोटो घेते. नवरीचा क्लोजअप, अंतरपाट धरण्याच्या थोडा आधीचा. नऊवारी, मुंडावळ्या, नथ, गळ्यात ठुशी आणि साज. फुल फ्रेम कॅमेरा, 24 मेगापिक्सेल, 85 एमएम लेन्स, एफ 1.8 (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ 3200 (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता बरीच वाढवलेली), कारण कार्यालयात प्रकाशच तेवढा. फोकस डोळ्यावर आहे आणि अगदी बरोबर आहे.

दीड मीटरवरून या लेन्सने एफ 1.8 ला धार असलेला पट्टा जेमतेम 3 सेंटिमीटर खोल मिळतो. डोळा त्यात आहे. नथ डोळ्याच्या पुढे झुलते, म्हणजे पट्ट्याच्या काठावर. कानातले झुबे पार मागे गेले. झुब्यांना मी हात लावत नाही. ते धूसर आहेत म्हणून तर डोळे पुढे येतात, ती त्या लेन्सची आणि फोटोग्राफरची निवड आहे. नथीची धार मात्र थोडी उणी पडलीय आणि तिच्यावर काम करता येतं, कारण तिथे तपशील आहे. (एफ 2.8 ला हाच पट्टा 5 सेंटिमीटरच्या आसपास जातो. दागिने दिसायला हवेत अशा क्लोजअपला एवढं कराच, असं मी फोटोग्राफर मंडळींच्या मागे लागून सांगत असते.)

पहिला हात लाइटरूममध्ये, म्हणजे रॉ फाईल उघडून सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि हलका. तिथे रॉ फाईलला आपोआप अमाउंट 40, रेडियस 1.0, डीटेल 25 आणि मास्किंग 0 मिळतं. चेहऱ्याच्या फोटोत मी सगळ्यात आधी मास्किंगकडे जाते. ऑल्टची कळ दाबून धरायची, मॅकवर ऑप्शनची, आणि मास्किंगचा स्लायडर ओढायचा. स्क्रीन काळी-पांढरी होते. पांढरं असेल तिथे शार्पनिंग लागणार, काळं तिथे नाही. 0 ला सगळंच पांढरं असतं, म्हणजे गालही, कपाळही, मागची धूसर फुलांची सजावटही. ओढत गेलं की आधी सजावट काळी पडते, मग कपाळ, मग गाल. 70 च्या पुढेमागे पापण्या, भुवया, ओठांची कड, मुंडावळ्यांचे मोती, नथ आणि साडीचा काठ तेवढे पांढऱ्या रेघांत उरतात. मी तिथे थांबते. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी स्वतःच्या घरातल्या एखाद्या माणसाचा फोटो उघडून बघावा. आजवर आपण शार्पन केलेल्यातलं किती वायफळ होतं हे त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात लख्ख दिसतं.

डीटेल मी 25 वरून थोडं खाली आणते. ते वाढवलं की बारीक पोत उचलला जातो, आणि आयएसओ 3200 ला गालावर सर्वांत बारीक पोत असतो तो नॉईजचा, म्हणजे कमी प्रकाशात येणाऱ्या दाणेदार ठिपक्यांचा. म्हणून नॉईज आधी, शार्पनिंग नंतर, हा क्रम मी मोडत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये एप्रिल 2023 मध्ये आलेलं एआय डिनॉईज यासाठी उत्तम आहे. कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत निळ्या चॅनेलला प्रकाश सर्वांत कमी मिळतो, म्हणून नॉईजही तिथेच सर्वांत जास्त साचतो. तो आधी निघाला की पुढच्या कामात गाल आणि हळदीचे हात स्वच्छ राहतात.

नथीचं काम फोटोशॉपमध्ये. रिटचिंग संपल्यावर सगळ्या लेयर्सची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांची, एक सपाट प्रत वर घ्यायची (कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई एकत्र), तिच्यातला रंग काढून टाकायचा आणि फिल्टरच्या मेनूत ‘अदर’खाली हाय पास आहे, फक्त कडा ठेवणारा, तो उघडायचा. पूर्ण फोटो राखाडी होतो. रेडियस वाढवत न्यायचा, मोत्यांची गोल कड दिसायला लागेपर्यंत. 24 मेगापिक्सेलला तो 1 ते 2 च्या मध्ये कुठेतरी येतो. त्या राखाडीत नवरीचा चेहरा ओळखू यायला लागला, तर रेडियस जास्त झालाय, मागे या. मग ब्लेंड मोड, म्हणजे हा लेयर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते, ओव्हरले, आणखी हलकं हवं असेल तर सॉफ्ट लाइट. रंग आधीच काढलेला असल्यामुळे कडांना रंगीत झाक येत नाही. आता लेयरला काळा मास्क लावायचा, म्हणजे केलेलं सगळं झाकलं जातं. पांढऱ्या मऊ ब्रशने हवं तेवढंच उघडायचं.

नथीत मोती असतात, मध्ये लाल-गुलाबी खडा असतो आणि सोन्याची तार असते, आणि प्रत्येकाची गरज वेगळी. मोत्याची गोलाई त्याच्या मऊ सावलीत असते. त्या सावलीवर ब्रश फिरला की मोती प्लास्टिकचा दिसतो. म्हणून मोत्यावर मी फक्त चकाकीचा ठिपका आणि खालची कड उघडते. खड्याचे पैलू उघडते. तार पूर्ण. मोती जिथे एकमेकांना टेकतात त्या बारीक काळ्या फटी उघडल्या की नथ एकदम ओवलेली दिसते. हे सगळं फोटो 100 टक्क्यांवर ठेवून. 33 टक्क्यांवर स्क्रीन पिक्सेल गाळून दाखवते, त्यावर शार्पनिंग किती झालं हे कुणालाच ठरवता येणार नाही.

मुंडावळ्यांना जास्त वेळ लागतो. मोत्यांच्या सरी गालावरून खाली येतात, ब्रश जरा सरीबाहेर गेला की गालावरचं छिद्र न् छिद्र उठतं. ब्रश मोत्याच्या रुंदीएवढाच घ्यायचा. डोळ्यांत फक्त बुबुळाची कड आणि पापण्या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा असतात, पहाटेपासून जागी असलेल्या मुलीच्या तर असणारच. त्या उठवायच्या नाहीत.

जरीचा धोका वेगळा. दिव्याच्या प्रकाशात ती आधीच पांढरी पडण्याच्या बेतात असते. शार्पनिंगने उजळ बाजू आणखी उजळते आणि सोनेरी काठ चुन्याचा होतो. यावर फोटोशॉपमध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. लेयर स्टाइलमध्ये ब्लेंड इफ आहे. खालच्या पट्टीवरचा उजळ टोकाचा त्रिकोण आत ओढायचा, मग ऑल्ट दाबून त्याचे दोन भाग करून त्यांना लांब करायचं. आता सगळ्यात उजळ जागी शार्पनिंगचा परिणाम हळूहळू विरत जातो, बाकी ठिकाणी राहतो. काठ सोनेरीच राहतो आणि तरी जरीचे धागे सुटे दिसतात. पैठणीचा पदर असेल तर मोराच्या डोळ्यापासून बुट्ट्यांच्या टोकांपर्यंत फरक कळतो, आणि ज्यांनी ती पैठणी येवल्याला जाऊन निवडून आणली असते त्यांना तो नेमका कळतो.

कापडाबाबत आणखी एक. रेशमी ब्लाऊज किंवा नवरदेवाच्या कोटाची बारीक वीण सेन्सरच्या पिक्सेलच्या जवळपास मापाची झाली की मोरे येतो, म्हणजे कापडावर नसलेले रंगीत, नागमोडी पट्टे. पूर्वी बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पसरवणारा फिल्टर असे, तो हे बऱ्यापैकी आवरायचा. निकॉनने 2012 मध्ये डी800 बरोबर डी800ई आणला त्यात त्या फिल्टरचा परिणाम रद्द केला होता, आणि पुढे बऱ्याच कॅमेऱ्यांतून तो फिल्टर गेलाच. बारकावा वाढला, मोरेही वाढला. शार्पनिंग त्या पट्ट्यांना कडाच समजतं आणि आणखी ठळक करतं. लाइटरूमच्या ब्रशमध्ये मोरेचा स्लायडर आहे, त्याने तो भाग आधी साफ करायचा आणि शार्पनिंगच्या मास्कमधून वगळायचा.

इथवरचं काम फोटोतल्या वस्तूंसाठी झालं. कागदासाठीचं अजून बाकी आहे आणि ते फोटो अल्बमच्या मापाला आणल्याशिवाय करताच येत नाही. हे टप्पे वेगळे करून मांडले ते फोटोशॉपवर पुस्तकं लिहिणाऱ्या ब्रूस फ्रेझर यांनी: कॅमेऱ्याने आलेला मऊपणा घालवण्यासाठी एक, फोटोच्या मजकुरासाठी दुसरा, छपाईसाठी तिसरा. 2006 मध्ये ते गेले, पण आज लाइटरूममध्ये शार्पनिंग एका जागी डेव्हलपमध्ये (फोटो सुधारताना) आणि दुसऱ्या जागी एक्स्पोर्टमध्ये (तयार फाईल बाहेर काढताना) असतं, त्यामागे हाच विचार आहे.

आकडे मांडून बघा. आपल्याकडे अल्बमचं उघडलेलं पान बरेचदा 12 बाय 36 इंच असतं. त्याच्या अर्ध्या भागावर एक फोटो पूर्ण लावला तर 12 बाय 18 इंच, म्हणजे 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) 3600 बाय 5400 पिक्सेल. 24 मेगापिक्सेलची फाईल 4000 बाय 6000 असते. म्हणजे जवळजवळ जशीच्या तशी बसते, किंचित लहान करून. पण तोच फोटो, समजा सप्तपदीचा आडवा, पूर्ण 36 इंचांवर पसरवला तर 6000 पिक्सेल भागिले 36, म्हणजे इंचाला 167 पिक्सेल. आता फाईल मोठी करावी लागणार, आणि आधी केलेल्या शार्पनिंगच्या कडाही तिच्याबरोबर मोठ्या होणार. म्हणून आधीचे दोन्ही हात हलके ठेवायचे आणि शेवटचं शार्पनिंग पानावर फोटो बसल्यावरच करायचं. एक जुना ठोकताळा आहे, पीपीआयला 200 ने भागून येईल तेवढा रेडियस. 300 ला 1.5. मला चेहऱ्यांच्या फोटोंना तो जरा जड वाटतो, मी 1 च्या आसपास राहते. मंडपाच्या, गर्दीच्या, सजावटीच्या फोटोंना 1.5 छान चालतो.

मॅट कागदावर कड थोडी मावळते, ग्लॉसीवर तशीच उतरते, त्यामुळे मॅटला जरा जास्त द्यावं लागतं. स्क्रीनवर 100 टक्क्यांवर किंचित कडक वाटणारी फाईल कागदावर बरोबर दिसते. नवीन माणसाला हा विश्वास बसायला वेळ लागतो, म्हणून एक सोपी चाचणी सांगते. 12 बाय 18 च्या तयार फाईलमधला चेहरा आणि दागिने येतील असा 4 बाय 6 इंचांचा तुकडा कापा, माप न बदलता. त्याच्या तीन प्रती करा, कमी, मध्यम आणि जास्त शार्पनिंगच्या, आणि त्याच लॅबकडून त्याच कागदावर साध्या प्रिंट म्हणून काढून घ्या. हातात धरून, अल्बम बघतो तेवढ्या अंतरावरून बघा. किरकोळ खर्चात आपल्या लॅबचं आणि कागदाचं माप कायमचं कळतं.

मोबाईलसाठी वेगळी प्रत करते. 6000 पिक्सेलचा फोटो 1080 वर आणला की तो मऊ होतोच, म्हणून लहान केल्यानंतर शार्पनिंग, रेडियस 0.3 च्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर तिथे तो पुन्हा दाबला जातो आणि शार्पनिंगच्या कडांभोवती चौकोनी किडे दिसायला लागतात.

“फोकस सुटलाय, शार्पन करून येईल का?” हा प्रश्न सारखा येतो आणि त्याचं उत्तर मी प्रामाणिकपणे देते. थोडा सुटला असेल तर थोडा येईल. हबल दुर्बीण एप्रिल 1990 मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिच्या मुख्य आरशाला काठाजवळ सुमारे 2 मायक्रॉन चुकीचा आकार दिला गेल्याचं कळलं. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ धूसर चित्रांवर गणिताने काम करत होते. त्यात विल्यम रिचर्डसन यांनी 1972 मध्ये आणि लिऑन लूसी यांनी 1974 मध्ये मांडलेली पद्धत खूप वापरली गेली. ती कडा गडद करत बसत नाही. एक बिंदू कसा पसरला हे कळलं तर तो पसारा उलटा गुंडाळायचा, असा तिचा विचार. हीच पद्धत रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये लेन्स ब्लर निवडला की साधारण याच वाटेचं काम होतं. पण हबलच्या लोकांकडे तारे होते. तारा म्हणजे बिंदू, तो चित्रात कसा पसरलाय हे मोजता येतं. मंगल कार्यालयात डोळा एका अंतरावर, कान दुसऱ्या, मागे उभी करवली तिसऱ्या. प्रत्येकाचा पसारा वेगळा, आणि त्यात नवरी हलली असेल तर तो पसारा एका बाजूला ओढलेला. दहा सेंटिमीटर मागे गेलेला फोकस यातून परत येत नाही, आणि मी तसं आधीच सांगून टाकते.

एआय शार्पनर आल्यापासून हे सांगणं अवघड झालंय, कारण तो नाही म्हणतच नाही. तो काहीतरी देतो. आणि इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

आमच्याकडे एक काम नेहमी येतं. घरातलं वडीलधारं माणूस जातं. चांगला फोटो नसतो, कारण आजी कधी कॅमेऱ्यापुढे बसल्याच नाहीत. मग कुणाला तरी आठवतं, नातीच्या लग्नात ग्रुप फोटोत त्या होत्या. दुसऱ्या रांगेत, डावीकडून कुठेतरी. त्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून, मोठा करून, तेराव्याच्या आधी फ्रेम हवी असते. फोटो चाळीस माणसांचा. आजींचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत दीड-दोनशे पिक्सेल.

अशा एका फोटोवर काय होतं ते शेजारीशेजारी ठेवून बघायला म्हणून मी तो एका एआय सॉफ्टवेअरमधून काढला. पापण्या आल्या, डोळ्यांत चमक आली, ओठांना रेखीव कड आली. आजींच्या हनुवटीवर गोंदण होतं, हिरवट निळे ठिपके. ते गेलं. सॉफ्टवेअरने ते डाग समजून पुसलं आणि तिथे सलग कातडी भरली. कपाळावरचं गोंदण कुंकवाच्या खाली अर्धवट मिसळून गेलं. सुरकुत्या होत्या, पण त्या या बाईंच्या नव्हत्या. खऱ्या फोटोत उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक खोल आडवी रेघ होती, इथे दोन्ही बाजूंना सारख्या बारीक रेघा होत्या. हजारो चेहरे बघून शिकलेलं सॉफ्टवेअर जिथे माहिती नसते तिथे सर्वसाधारण म्हातारी बाई भरतं. ती देखणी असते. ती कुणाचीच आजी नसते.

जी फ्रेम भिंतीवर पुढची कित्येक वर्षं राहणार, जिच्यापुढे दिवा लागणार, तिच्यातला चेहरा त्या माणसाचाच हवा. म्हणून ते काम मी हाताने करते. फोटो 12 बाय 18 ला नेत नाही. घरच्यांना समजावून 5 बाय 7 किंवा फार तर 6 बाय 8 ला तयार करते, भोवती रुंद माउंट ठेवून फ्रेम मोठी करता येते. मोठं करताना दोन-तीन टप्प्यांनी शार्पनिंग करत नाही, एकदाच, शेवटी, आणि तेही डोळ्यांच्या कडा, भुवया, नाकपुड्या, गोंदणाचे ठिपके, मंगळसूत्राच्या वाट्या आणि पदराचा काठ एवढ्यावरच. मग सगळ्या फोटोवर बारीक, एकरंगी ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे दाणे. हा उपाय फार गुणाचा आहे. मोठ्या केलेल्या फोटोत पिक्सेलमधल्या जागा गुळगुळीत होतात आणि डोळ्याला तो गुळगुळीतपणा धूसर वाटतो. ग्रेन आला की डोळ्याला पकडायला पोत मिळतो आणि फोटो जास्त स्पष्ट भासतो, चेहऱ्यावरची एकही रेघ न बदलता. मॅट कागदावर तर हे फारच चांगलं उतरतं. घरचे लोक कधी कधी म्हणतात, अजून क्लिअर नाही का होणार? मग मी एआयने केलेला आणि मी केलेला, दोन्ही प्रिंट त्यांच्यापुढे ठेवते आणि काही बोलत नाही. लेकी आणि सुना कुठला उचलतात ते मला आता विचारावं लागत नाही.

आणखी एक विनंती फोटोग्राफर मंडळींना. ग्रुप फोटोला पहिल्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांचा, जमलं तर तिथेच, एक वेगळा क्लोजअप काढा. एफ 4, शटर 1/200, खिडकीच्या उजेडात. फक्त दोन मिनिटं जातील. पुढे कुणालाही दीडशे पिक्सेलमधून चेहरा शोधत बसावं लागणार नाही.

फोटोशॉप आणि लाइटरूमचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत असं शिकणारी मुलं सांगतात. फोटोशॉपसारखंच जिंप नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यात होतं: लेयर, काळा मास्क, हाय पास, अनशार्प मास्क. त्यातला अनशार्प मास्क उघडला की रेडियस 3 आलेला असतो, तो पहिल्यांदा 1 च्या खाली आणा, मग बाकीचं बघा. रॉ फाईलसाठी रॉथेरपी किंवा डार्कटेबल, दोन्ही मोफत. रॉथेरपीत 2020 च्या 5.8 आवृत्तीपासून कॅप्चर शार्पनिंग नावाची वेगळी सोय आहे, तिचा रेडियस ते फाईल बघून स्वतःच काढतं आणि चेहऱ्याच्या सपाट भागांना फारसं छेडत नाही. तिथून सुरुवात करा, नथीचा ब्रश मग हातात घ्या.